बिगुल गेले, पथकं राहिली: अमेरिकन ड्रम कोरची शंभर वर्षं

अमेरिकेत इंडियानापोलिसला ऑगस्टमध्ये एका मोठ्या फुटबॉल स्टेडियमवर ‘ड्रम अँड बिगुल कोर’ची राष्ट्रीय अंतिम फेरी रंगते. एकेका पथकात दीडशेच्या आसपास मुलंमुली, साधारण सोळा ते बावीस वयाची. ट्रम्पेट आणि ट्युबा वाजवत ती मैदानभर पळतात, मध्येच नाचतात, जमिनीवर लोळतात. ध्वजवाली मंडळी लाकडी रायफली आणि तलवारी हवेत भिरकावतात आणि गरगरत खाली येताना अचूक झेलतात. मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य), सिंथेसायझर, मिक्सर आणि स्पीकरची रांग. सगळा खेळ बारा मिनिटांच्या आत-बाहेर. आणि यात बिगुल एकही नसतो.

शंभर वर्षांपूर्वी याच नावाखाली लष्करी गणवेशातले पुरुष सरळ रांगांत चालत होते. हातात बिनझडपेचे बिगुल, कमरेला ड्रम, बस्स. एवढा पालट का झाला असं विचारलं, की ‘काळ बदलला, आवड बदलली’ असं गुळमुळीत उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. या प्रकारात आवड मागून आली. आधी नियम बदलले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परीक्षक गुण कशाचे देतात ते बदललं. स्पर्धेत उतरलेला माणूस जिकडे गुण तिकडे जातो. एवढं धरून चाललं की हा इतिहास फारसा अवघड राहत नाही.

युद्धातून उरलेली वाद्यं

पहिलं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी परतले. 1919 मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ ही दुसरी मोठी संघटना आधीपासून होती. रणांगणावर इशारे देण्याचं बिगुलाचं काम तोवर टेलिफोन आणि रेडिओकडे जाऊ लागलं होतं, त्यामुळे लष्कराकडचे जादा बिगुल आणि ड्रम स्वस्तात मिळत. गावोगावच्या शाखांनी ते घेतले, पथकं उभी केली, आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीपासून लीजनच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या.

मग मुलांची पथकं आली. चर्च, स्काउट, पोलिसांच्या संघटना, कुणीही पुढाकार घ्यायचं. न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावात 1934 मध्ये एका चर्चच्या छत्राखाली ‘होली नेम कॅडेट्स’ निघालं. विस्कॉन्सिनमध्ये 1938 साली ‘मॅडिसन स्काउट्स’, बॉस्टनमध्ये 1940 साली ‘बॉस्टन क्रुसेडर्स’, शिकागोत 1948 साली एका स्काउट तुकडीतून ‘कॅव्हेलियर्स’. आपल्याकडे ढोल-ताशा पथकं जशी पेठेतली, मंडळातली पोरं जमवून उभी राहतात आणि आधीपासून वाजवता येत असण्याची अट कुणी घालत नाही, तसंच हेही होतं. बहुतेक मुलांना स्वरलिपी वाचता येत नसे. शिकवणारा वाजवून दाखवायचा, मुलं ऐकून पाठ करायची. मुलगे आणि मुली बहुधा वेगळे. ‘ऑडुबॉन बॉन बॉन्स’सारखी फक्त मुलींची पथकंही चांगली नावाजलेली होती.

बिगुलात किती स्वर असतात?

पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

साधा बिगुल म्हणजे वळवलेली पितळी नळी. तिला ना भोकं, ना कळा. वाजवणारा फक्त ओठांचा ताण कमी-जास्त करतो, आणि नळी तिच्या लांबीनुसार ठरलेले स्वर देते. आपल्या भाषेत सांगायचं तर खालून वर सा, प, सा, ग, प. सगळे लष्करी इशारे याच स्वरांत बसवलेले असतात. याच्या वर चढलं तर स्वर जवळजवळ येऊ लागतात आणि वरचे रे-ग सापडतातही, पण तिथे टिकून वाजवणं भल्याभल्यांना जड जातं. म्हणजे कामापुरते तीनच स्वर: सा, ग, प. एवढ्यात गाण्याची चाल बसवायची तर कर्मकठीण.

1930 च्या दशकात स्पर्धांमध्ये एका झडपेला परवानगी मिळाली. झडप दाबली की हवा जास्तीच्या नळीतून फिरते, म्हणजे बिगुल तेवढ्यापुरता लांब होतो आणि स्वरांचा सगळा संच खाली सरकतो. तेव्हाच्या बिगुलात तो खालच्या पंचमावर जायचा. आता पंचमाला ‘सा’ मानून तीच सा-प-सा-ग-प मालिका मोजली तर मिळतात प, रे, प, नि, रे. एका झडपेनं रे आणि नि हाती आले! मध्यम आणि धैवत तरीही गायबच. त्यासाठी पुढे नळी आणखी थोडी लांब करणारी फिरती झडप जोडली गेली. 1950-60 च्या दशकांतली पथकं एका हाताच्या अंगठ्यानं एक झडप आणि दुसऱ्या हातानं दुसरी सांभाळत, चालता चालता, जी काही संगीतरचना वाजवत, ती त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत ऐकण्यासारखी आहे. संगीत संयोजकाला प्रत्येक ओळ ‘हा स्वर कुणाच्या बिगुलात निघतो’ हे पाहून लिहावी लागे.

उभ्या दोन पिस्टनांचे, म्हणजे बोटांनी खाली दाबायच्या झडपांचे, बिगुल चालू लागले ते 1977 मध्ये. तिसरा पिस्टन, म्हणजे ज्यानं खालपासून वरपर्यंत सगळे कोमल-तीव्र स्वर बिनदिक्कत निघतात तो, 1990 मध्ये. जे ट्रम्पेटला एकोणिसाव्या शतकातच मिळालं होतं ते बिगुलाला मिळायला इतका काळ गेला. कारण तांत्रिक नव्हतं. ‘झडपा आल्या की तो बिगुल कसला?’ असं म्हणणारे प्रत्येक टप्प्यावर होते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. तीन झडपांचा बिगुल आणि ट्रम्पेट यांत उरतं काय, फक्त पट्टी!

चुका मोजणारे परीक्षक

जुन्या स्पर्धेचा थाट पूर्ण लष्करी होता. मैदानाच्या एका बाजूनं आत यायचं, पिस्तुलाचा बार होऊन वेळ सुरू व्हायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. मध्ये राष्ट्रध्वजाची मानवंदना सक्तीची, आणि ध्वजाचा अवमान झाला तर दंड. मैदानात उतरण्याआधी बुटांचं पॉलिश आणि गणवेशाची बटणं तपासली जात.

गुण देण्याची पद्धत तर कवायतीच्या मैदानावरूनच उचललेली. परीक्षक पाटी-पेन्सिल घेऊन वादकांच्या रांगांमधून फिरत. कुणाचा पाय चुकला, रांग वाकली, टिपरी मागेपुढे पडली, की एक खूण, आणि खुणेमागे एक दशांश गुण वजा. याला तिकडे ‘टिक’ म्हणत. म्हणजे पथक आरंभी परिपूर्ण धरलेलं, आणि तिथून त्याची घसरगुंडी मोजायची.

याचा परिणाम काय होईल ते सांगायला तज्ज्ञ नको. अवघड काही करायला गेलात तर चुका वाढणार. म्हणून मैदानाच्या मधल्या रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंना सारख्याच रांगा, काटकोनात वळणं, पाच यार्डांत आठ पावलं म्हणजे एकेक पाऊल साडेबावीस इंचांचं, आणि मध्ये सगळ्यांनी एका जागी उभं राहून वाजवायचं एक गाणं. हे बघायला रुबाबदार होतं, यात वाद नाही. पण दहा पथकं पाहिली की अकराव्यात काय असणार ते आधीच कळायचं.

1972: पोरांचं बंड नव्हे, प्रशिक्षकांचं

1970 च्या सुमाराला पथकांचे संचालक वैतागले होते. नियम माजी सैनिकांच्या संघटना करणार, परीक्षक त्यांचे, बक्षिसाची वाटणी त्यांच्या मर्जीनं, आणि देशभर फिरायचा खर्च मात्र पथकांचा. कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन आणि वायोमिंगमधल्या ‘ट्रूपर्स’चे जिम जोन्स यांच्यासारख्यांनी पुढाकार घेतला. आघाडीच्या काही पथकांनी आधी आपापसात एकी केली आणि 1971 मध्ये ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था काढली. पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या गावी झाली. कॅलिफोर्नियाचं ‘अनाहाइम किंग्जमेन’ पहिलं आलं.

माझ्या मते शंभर वर्षांतलं सगळ्यात मोठं वळण हेच, झडपा आणि स्पीकर नंतरचे. आता नियम वाजवणाऱ्यांच्या बाजूचे लोक करणार होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेक लष्करी रिवाज गळून पडला. ‘बेयोन ब्रिजमेन’ नावाचं न्यू जर्सीचं पथक पिवळे लांब कोट घालून मैदानावर चक्क विनोद करू लागलं. ध्वजरक्षकांचं काम ध्वज राखण्याचं होतं, ते हळूहळू नाचाकडे वळलं.

आणि 1984 च्या हंगामापासून टिक पद्धत गेली. आता परीक्षक शून्यापासून गुण चढवत नेतो. काय करायला घेतलंय आणि ते कितपत साधलंय, दोन्हीचे गुण. आजच्या घडीला शंभरांपैकी 40 गुण ‘एकूण परिणामा’चे, 30 दृश्याचे, 30 संगीताचे. अवघड रचना हाती घेणं आता तोट्याचं राहिलं नाही, उलट त्याशिवाय वर जाताच येईना.

बदलाची चाहूल एक वर्ष आधीच लागली होती. 1983 मध्ये गारफील्ड कॅडेट्सनी (म्हणजे तेच जुने होली नेम) अजिंक्यपद जिंकलं. त्यांची कवायत बसवली होती जॉर्ज झिंगाली यांनी. डावी-उजवी बाजू सारखी ठेवण्याचा दंडक त्यांनी झुगारला. रांगा वळणदार झाल्या, एक आकृती दुसऱ्यात विरघळू लागली, आणि कुणी थांबेना. त्या वेळचं चित्रण पाहिलं तर प्रेक्षक मध्येच ओरडतात. आकृती पूर्ण होते तेव्हा नव्हे, ती मोडून दुसरी घडत असते तेव्हा. कॅडेट्सनी 84 आणि 85 देखील जिंकलं, आणि मग सरळ रांगांचा जमाना संपला म्हणायला हरकत नाही.

ड्रमचं काय झालं?

नावातला पहिला शब्द ड्रम आहे, आणि बिगुलांच्या भांडणात तो नेहमी मागे पडतो. पूर्वी कातड्याचे ड्रम असत; पाऊस आला की सैल, ऊन पडलं की ताठ. 1950 च्या दशकाच्या शेवटी प्लास्टिकचे पडदे आले, ती कटकट मिटली. 1980 च्या दशकात स्नेअर ड्रमवर (खाली तारा ताणलेला, कडकडणारा छोटा ड्रम) केव्हलारचे पडदे चढले. गोळीरोधक जॅकेटात वापरतात तोच हा धागा. तो इतका ताणता येतो की ड्रमचा आवाज ‘धर्रर्र’वरून कोरड्या ‘टक्’वर येतो. याचा दुसरा अर्थ असा की आता दडायला जागा नाही. आठ-नऊ जण एकत्र वाजवत असताना एकाची काठी तिळभर उशिरा पडली तरी ऐकू येते.

बास ड्रमची गंमत वेगळी. आधी सगळे बास एकच ठोका देत. मग वेगवेगळ्या आकाराचे पाच ड्रम वेगवेगळ्या स्वरांत लावले गेले, आणि प्रत्येक वादकाच्या वाट्याला एका जलद लयीतला फक्त आपला एकेक आघात आला. वरून खाली धावणारी ती लड एकाच माणसानं वाजवल्यासारखी ऐकू यायला हवी, पण ती असते पाच माणसांची, आणि पाचही जण त्या वेळी आडवे चालत असतात. कुणाला ड्रम कोरचं एकच काही दाखवायचं असेल तर मी ध्वज-बिध्वज सोडून हे दाखवीन.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वजनदार वाद्यं जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली. त्याआधी टिंपानीसारखं अवजड वाद्यही गळ्यात अडकवून चालावं लागे, झायलोफोनसुद्धा. जमिनीवर ठेवता येतंय म्हटल्यावर मैदानाच्या पुढे मरिंबा, व्हायब्राफोन, घंटा, झांजा यांचा एक वेगळा वाद्यवृंदच उभा राहिला.

टाळ्यांऐवजी हुर्यो

1993 ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनचे उद्योगपती बिल कुक यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यात ‘स्टार ऑफ इंडियाना’ हे पथक काढलं. पैशाची ददात नव्हती, शिकवणारे उत्तम, आणि 1991 मध्ये त्यांनी अजिंक्यपदही मिळवलं. दोन वर्षांनी ते सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं कडू, कोरडं, अजिबात टाळ्या न मागणारं संगीत घेऊन आले. मैदानावरची शरीरं नृत्यनाट्यातल्यासारखी वागत होती. जागोजागी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अंतिम फेरीत कॅडेट्सकडून त्यांची हार झाली, फरक फक्त एक दशांश गुणाचा.

त्यानंतर स्टारनं स्पर्धाच सोडली आणि रंगमंच धरला. त्यातून ‘ब्लास्ट!’ हा प्रयोग उभा राहिला. 1999 मध्ये लंडनला, मग 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला, आणि त्याच वर्षी त्याला टोनी हा तिथला मानाचा नाट्यपुरस्कारही मिळाला. हुर्यो उडवणाऱ्यांच्या पुढच्या पिढीनं मात्र 1993 चा तो खेळ डोक्यावर घेतला. आज स्पर्धेत जे दिसतं, एकच विषय धरून आरंभापासून शेवटपर्यंत नाट्य उभं करणं, शरीराचा वापर, उदास संगीताला मोकळीक, त्यातलं बरंच तिथून आलंय.

स्पीकर लागले, टोप्या गेल्या

नव्या शतकात नियम भराभर सुटले. 2000 मध्ये कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालतील असं ठरलं. तोवर ‘जी’ पट्टीची वाद्यं सक्तीची होती. ती फक्त या पथकांसाठी बनत, म्हणून महाग, आणि जुनी झाली की विकायची कुणाला? ‘बी फ्लॅट’ ट्रम्पेट शाळा-कॉलेजात सगळीकडे चालतो, त्यामुळे हंगाम संपला की तो विकता येतो. जुनी मंडळी अजून सांगतात की ‘जी’ बिगुलांचा आवाज अंगावर येत असे, तो नव्यात नाही. असेल. पण हिशेबाच्या वहीपुढे नादाचं काही चाललं नाही.

2004 मध्ये मायक्रोफोन आले, 2009 मध्ये सिंथेसायझर. यावरून जितकी भांडणं झाली तितकी झडपांवरूनही झाली नसतील. शिक्षकांची बाजू विचार करण्यासारखी होती. उघड्या मैदानावर मरिंबा ऐकू जावा म्हणून मुलं कडक डोक्याच्या काठ्यांनी तो अक्षरशः बडवत असत. सभागृहात तसं कुणी वाजवणार नाही. माइक आल्यावर मऊ काठ्या वापरता येऊ लागल्या, हात सुधारला. हे मला मान्य. पण ऐंशी पितळी वाद्यांच्या ऐन भरात खाली सिंथेसायझरचा खर्ज सोडून देतात, ते मात्र मला आजही खटकतं. मुलांनी मिळवलेला आवाज कुठला आणि वीजमंडळाचा कुठला, ते कळेनासं होतं.

2014 पासून ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न अशी सगळीच पितळी वाद्यं खुली झाली. 2016 मध्ये ओहायोच्या ‘ब्लूकोट्स’नी मोठाल्या घसरगुंड्यांसारखे रॅम्प मैदानावर मांडले, लष्करी थाटाचे कोट आणि तुऱ्याच्या उंच टोप्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्यांदाच अजिंक्यपद मिळवलं. जिंकणाऱ्याची नक्कल होतेच. दोन-तीन वर्षांत तुरे जवळपास दिसेनासे झाले आणि दर हंगामाला विषयानुरूप नवा पोशाख शिवण्याची चाल पडली.

अमेरिकेत नातेवाईक असतील आणि त्यांची मुलं हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये असतील, तर हे सगळं तुम्ही तिथे पाहिलंही असेल. ड्रम कोरमध्ये आलेली टूम पाठोपाठ शाळांच्या बँडमध्ये उतरते, कारण शिकवणारे बहुधा तेच लोक असतात.

वाजवणारी मुलं कोण?

संगीतापेक्षाही हा बदल मला मोठा वाटतो. पूर्वी मुलगा गल्लीतल्या पथकात जायचा, कारण ते गल्लीत होतं. आता मुलं देशभरातून, कधी जपानमधूनही, चाचणी देऊन येतात, आणि त्यातली पुष्कळ कॉलेजात संगीत शिकत असतात. हिवाळ्यात शनिवार-रविवारची शिबिरं, मेपासून दिवसाला दहा-बारा तास सराव, मग ऑगस्टपर्यंत बसनं देशभर भटकंती. रात्री प्रवास, पहाटे कुठल्या तरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, ट्रकमधल्या फिरत्या स्वयंपाकघरात जेवण. यासाठी मुलांना पगार नाही. उलट तीच हजारो डॉलर फी भरतात.

दर्जा आभाळाला भिडला, यात शंका नाही. 2014 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘ब्लू डेव्हिल्स’ना 100 पैकी 99.65 गुण मिळाले. पण गावोगावची पथकं गेली. चर्चनं हात काढून घेतला, डिझेल महागलं, राष्ट्रीय दौरा करायचा तर ताफाभर ट्रक लागू लागले. पूर्वी शेकड्यांनी असलेली मुलांची पथकं आता वरच्या गटात वीस-बावीस उरलीत. मोठमोठी नावंही डळमळतात. सात वेळा अजिंक्य ठरलेलं ‘सँटा क्लारा व्हॅनगार्ड’ 2023 मध्ये पैशाअभावी मैदानात उतरू शकलं नाही. 1983 ला सगळ्यांना वेड लावणारं कॅडेट्स लैंगिक अत्याचाराच्या जुन्या आरोपांवरून चाललेला खटला आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली 2024 मध्ये बंद पडलं. त्याच सुमाराला मोठ्यांच्या पथकांची वेगळी संघटना मुख्य संस्थेत विलीन झाली, आणि आता तिथे वयाची अट नसलेला एक गट आहे.

दारं सगळ्यांना खुली होत गेली, हेही तितकंच खरं. मॅडिसन स्काउट्स 1938 पासून फक्त मुलग्यांचं होतं. ऐंशी वर्षांनी त्यांनी ती अट काढली. आणि 2025 मध्ये बॉस्टन क्रुसेडर्सनी, स्थापनेनंतर पंचाऐंशी वर्षांनी, पहिलं अजिंक्यपद मिळवलं.

नियमपुस्तिकेत एक कुंपण मात्र अजून शाबूत आहे. पितळी वाद्यं सगळी चालतात, तालवाद्यं सगळी चालतात, वीज चालते; बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन चालत नाहीत. म्हणजे सिंथेसायझरची कळ दाबून बासरीचा सूर काढता येतो, पण खरी बासरी घेऊन कुणी मैदानात आलं तर ते नियमात बसत नाही. पुढचं भांडण बहुधा यावरूनच होईल.